डबाबंद श्वानान्नाची परीक्षा

हिरवा चारा व कडबा यांचा कस पाणी वजा करून ताडावा, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कुत्र्यासाठीं डबा विकत घेतांना मात्र हाच नियम पुष्कळजण विसरतात.

डब्यांतील ओल्या अन्नांत बहुधा शेंकडा ७५ ते ८० भाग पाणीच असतें. समजा, डब्यावर प्रथिनें शेंकडा ८ व पाणी ७८ असें छापलें आहे. पिशवींतील कोरड्या खाद्यावर प्रथिनें २४ व पाणी १०. वरवर पाहतां पिशवी तिप्पट सरस दिसते. परंतु डब्यांतील पाणी वजा जातां २२ भाग उरतात. त्यांत ८ म्हणजे शेंकडा सुमारें ३६ प्रथिनें झालीं. पिशवीचा हिशेब तसाच केल्यास सुमारें २७ येतात. अर्थात् ४०० ग्रॅमच्या अशा डब्यांत कोरडें अन्न अवघें ८८ ग्रॅम. बाकी दाम पाण्याचे!

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें असते, तीही पाण्यासकट. म्हणून ताजें मांस पहिलें दिसलें तरी भुलूं नये. नांवही नीट वाचावें. अमेरिकेंतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघाच्या नियमांप्रमाणें ‘चिकन डिनर’ म्हणावयास, वरून घातलेलें पाणी सोडून, कोंबडी निदान शेंकडा २५ लागते. ‘विथ चिकन’ म्हणावयास ३ पुरते.

त्याच नियमांत कोरड्या भागांतील प्रथिनें प्रौढ कुत्र्यास किमान शेंकडा १८, वाढत्या पिलांस २२.५ सांगितलीं आहेत. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द व कोणत्या वयासाठीं हें ज्यावर नाहीं, तो डबा भाकरीबरोबर तोंडीलावणें म्हणून चालेल. व्यालेल्या कुत्रीस व तिच्या पिलांस केवळ त्यावर ठेवूं नये.