अस्वलाला बंदूक नको

मुलांनो, कापसाचे गुबगुबीत 'टेडी बेअर' तुम्ही पाहिले असेल. हे नाव कसे पडले, ठाऊक आहे का? ही १९०२ सालची गोष्ट आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. त्यांना शिकार मिळेना, म्हणून सोबतच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले. "आता गोळी झाडा," असे ते म्हणाले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. वर्तमानपत्रात याचे व्यंगचित्र आले. रूझवेल्ट यांना लोक 'टेडी' म्हणत, म्हणून खेळण्यातल्या अस्वलाला 'टेडी बेअर' नाव मिळाले.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ते अस्वल फार जखमी झाले होते. शेवटी त्याला मारूनच टाकले. खेळणे घरोघरी पोचले, पण अस्वल वाचले नाही.

अमेरिकेत काळ्या अस्वलांची शिकार आजही अनेक राज्यांत होते. फ्लोरिडा राज्यात ती १९९४ पासून बंद होती. २०१५ साली सरकारने पुन्हा परवानगी दिली. शिकार एक आठवडा चालणार होती, पण दोनच दिवसांत सुमारे ३०० अस्वले मारली गेली आणि ती थांबवावी लागली. मेलेल्यांत पिलांना दूध पाजणाऱ्या माद्याही होत्या. लोकांनी याला खूप विरोध केला. तरीही २०२५ च्या डिसेंबरमध्ये तेथे पुन्हा शिकार झाली.

शिकारीच्या बाजूचे लोक म्हणतात, "अस्वले वाढली आहेत. ती वस्तीत येतात. माणसांना धोका आहे." त्यांची भीती खोटी नाही. अस्वल ताकदवान प्राणी आहे. पण तुम्हीच विचार करा. शिकारी बंदूक घेऊन जातो कोठे? जंगलात. तेथे जे अस्वल समोर येईल, त्याला तो मारतो. वस्तीत उपद्रव देणारे अस्वल मात्र घरामागच्या कचऱ्याच्या डब्यापाशी असते. मग खरा प्रश्न सुटला का?

अस्वल वस्तीत का येते? भूक त्याला आणते. त्याचे नाक फार तीक्ष्ण असते. उष्टे अन्न, फळांच्या साली, पाळीव जनावरांचे खाद्य यांचा वास त्याला दुरून येतो. एकदा तेथे खायला मिळाले, की ते पुन्हा पुन्हा येते. एका अस्वलाला मारले आणि कचरा तसाच उघडा ठेवला, तर उद्या दुसरे येईल.

यावर उपाय आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९८ साली अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५०० हून अधिक घटना घडल्या. खाण्याच्या वासाने अस्वले मोटारींची दारे मोडत होती. उद्यानाने मग काय केले? अन्न ठेवण्यासाठी लोखंडी पेट्या बसवल्या. मोटारीत रात्री खाद्यपदार्थ ठेवायला मनाई केली. कचऱ्याला अस्वलाला उघडता न येणारी झाकणे लावली. रात्री पहारेकरी फिरू लागले. अस्वल दिसले, की ते मोठा आवाज करून त्याला हाकलत. पुढच्या काळात अशा घटना ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. माणसांनी आपली सवय बदलली, म्हणून अस्वलांचीही सवय बदलली.

आपल्या महाराष्ट्रातही अस्वले आहेत. मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य येथे ती राहतात. वाळवी, मुंग्या, बोरे, मध आणि मोहाची फुले हे त्यांचे अन्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीला बंदी आहे. उन्हाळ्यात गावकरीही पहाटे मोहफुले वेचायला जातात. अशा वेळी माणूस आणि अस्वल अचानक समोरासमोर येतात. अस्वल घाबरून हल्ला करते. माणसे जखमी होतात, कधी जीवही जातो. म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये. चार जणांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे. आवाज ऐकला, की अस्वल बहुधा स्वतःच दूर जाते.

मुलांनो, बंदूक चालवणे सोपे आहे. रोज डब्याचे झाकण नीट लावणे अवघड आहे. पण माणूस आणि अस्वल, दोघांचाही जीव त्यानेच वाचतो.

शब्दार्थ
व्यंगचित्र – गमतीने टीका करणारे चित्र
उपद्रव – त्रास
तीक्ष्ण – तेज
मनाई – बंदी

स्वाध्याय
१. 'टेडी बेअर' हे नाव कसे पडले?
२. शिकारीने वस्तीतला उपद्रव का थांबत नाही?
३. योसेमिटीत कोणते उपाय केले?
४. तुमच्या घरातील उष्टे अन्न कोठे टाकतात? ते कोणते प्राणी खातात? पाच वाक्ये लिहा.