सेंट क्रॉस येथील वृद्धांचा वाडा

आपल्या गडब-पेणकडील वाचकांस चौकाचा वाडा ठाऊक आहेच. इंग्लंडांत विंचेस्टर शहरानजीक असाच मोठा चौक मध्यें घेऊन बांधिलेलें सेंट क्रॉस नांवाचें एक जुनें आश्रयस्थान आहे. इ. स. ११३६ च्या सुमारास बिशप हेन्री यांनीं तेरा दुर्बळ व दरिद्री पुरुषांकरितां तें स्थापिलें. पुढें १४४५ त कार्डिनल बोफर्ट यांनीं त्याचा विस्तार केला. त्या शतकांतील वृद्धांचीं घरें अद्यापि वापरांत आहेत.

धर्मशाळेंत एकाच दालनांत अनेकांच्या पथाऱ्या पडतात. येथें मात्र प्रत्येक वृद्धास स्वतंत्र बिऱ्हाड आहे. एकेका जिन्याशीं चार बिऱ्हाडें. दोन खालीं, दोन माडीवर. छपरावरील उंच धुरांड्यांची रांग पाहतांच आंत ज्याची त्यास शेकोटी असल्याचें कळतें. त्याच आवारांत भोजनगृह व भव्य प्रार्थनामंदिर असल्यामुळें एकांत राहतो आणि सोबतही मिळते. देवडीवर मागेल त्या वाटसरूस पावाचा तुकडा व घोटभर बिअर देण्याची जुनी चाल आजही चालू आहे.

दान घेणाऱ्याचा मान राखणें हें भिंतींच्या मांडणीवरही अवलंबून असतें. विद्यार्थीमित्रहो, आपल्या गांवीं कधीं वृद्धांकरितां इमारत उभारण्याचा योग आला, तर खाटा मोजण्यापूर्वीं दारें मोजावीं.