कमानीला हात घालण्याआधी

पोरी, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार काढून कमान करायची म्हणतेस, तर कर. जिप्सम बोर्डाचं काम घरच्या घरी जमण्यासारखं आहे. फक्त आहे त्या चार फुटांतच बसव. "अजून फूटभर भिंत फोडू" असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठव. डोंबिवलीतल्या जुन्या इमारती पुष्कळदा विटांच्या भिंतींवरच उभ्या असतात. कुठली भिंत नुसता आडोसा आणि कुठली वरचा मजला पेलते, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच बघून सांगेल. कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत 20 मे 2025 रोजी चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळून 6 माणसं गेली, तेव्हा त्या मजल्यावर लादीचं काम चाललं होतं. तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी आधी घे, कुरकुर नको.

बोर्डाची कमान काहीही पेलत नाही, हे डोक्यात पक्कं असू दे. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली, तेव्हा खाडीवर बांधलेल्या पुलाच्या दगडी कमानींत दगडच एकमेकांना दाबून भार खाली पोचवतात. तुझी कमान उलट वरच्या लिंटेलला लटकणार. म्हणून जीआय चॅनेल भिंतीत गिट्ट्या ठोकून, स्क्रूने आवळून बसव. नुसत्या खिळ्यांवर भागवू नकोस.

आकाराचं म्हणशील, तर अर्धगोल सगळ्यांनाच आवडतो. पण चार फूट रुंदीला अर्धगोल घेतलास की 2 फूट उंची कमानीतच गेली. सात फुटांच्या दारात ती पाच फुटांवरच वळायला लागेल आणि जावईबापूंचं कपाळ रोज शेकेल. उथळ घे, 8 इंच चढाची. त्रिज्या काढायला अर्ध्या रुंदीचा वर्ग आणि चढाचा वर्ग यांची बेरीज करायची आणि तिला चढाच्या दुपटीने भागायचं. 576 अधिक 64 म्हणजे 640, भागिले 16, आले 40 इंच. आखायला सुतळी घेऊ नकोस, ती ताणली जाते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा ठोक आणि बरोबर 40 इंचांवर पेन्सिलीपुरतं भोक पाड. दोन्ही बाजूंचे तुकडे एकावर एक ठेवून एकदमच काप. माथ्यावर दीड-दोन इंच बोर्ड शिल्लक राहू दे, स्क्रूला धरायला काहीतरी लागतं.

खरी मेख कमानीच्या पोटाच्या पट्टीत आहे. तिची लांबी साधारण साडेएक्कावन्न इंच भरते, म्हणून ती 6 बाय 4 च्या शीटच्या सहा फुटी बाजूनेच काढ. साडेबारा मिलिमीटरचा, म्हणजे चार सुती बोर्ड, नुसता ओढून एवढा वाकत नाही, तडकतो. पट्टी पालथी घालून मागच्या कागदावर दर इंचाला आडवा काप दे आणि प्रत्येक काप हलकेच मोड. आतलं जिप्सम कट् करून तुटल्याचं ऐकू येतं. पुढचा कागद मात्र शाबूत राहिला पाहिजे, सगळी पट्टी त्याच्यावरच वळते. दोन सुती बोर्ड मिळाला तर उत्तमच. जो पृष्ठभाग आत वळणार, त्यावर ओला स्पंज फिरव, थोडा वेळ मुरू दे, मग हळूहळू वाकव. लांबी, म्हणजे पुट्टी, लावण्याआधी ती पट्टी पूर्ण सुकली पाहिजे. चॅनेल वळवायला त्याच्या दोन्ही कडा पत्र्याच्या कात्रीने दर दोन इंचांना काप. स्क्रू माथ्यापासून सुरू करून दोन्ही पायांकडे मारत जा.

शीट 18-20 किलोची असते. लिफ्ट नसलेल्या जिन्यात ती दोघांनी उभी धरूनच चढवा. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मधून मोडते. वर आणली की सपाट ठेव.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत लांबी सुकता सुकत नाही, आणि जिप्समला ओल अजिबात सोसत नाही. दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळायचे नाहीत. दिवाळी झाली की बघ. सांध्यांवर कागदी टेप लाव आणि लांबीचे हात पातळ दे. आधीचा सुकला की मगच पुढचा. घासून झालं की खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला टेकवून तिरपी मार. जिथे सावली पडेल, तिथे अजून पॉलिश पेपर लागणार. रंगाआधी प्रायमर मार, नाहीतर कागद आणि लांबी वेगवेगळा रंग पितात.

आणि बोर्ड बंद करण्याआधी आत दोन्ही पायांशी प्लायचा एकेक तुकडा स्क्रूने बसवून ठेव, जागा भिंतीवर पेन्सिलीने टिपून. तोरणाचे हुक तिथेच धरतील. झोपाळ्याचं मात्र विचारूसुद्धा नकोस.