वखार बांधण्यापूर्वीं नगररचना अधिकाऱ्यांची भेट

शेतांत वखार बांधून तिचे खण भाड्यानें द्यावे, असा पुष्कळ बागाईतदारांचा मानस असतो. त्यांनीं पाया खणण्यापूर्वीं नगररचना अधिकाऱ्यांस भेटावें. सातबाऱ्याचा उतारा, मोजणीचा नकाशा व हातानें काढलेली कच्ची आकृति पुरे. महागडे आराखडे आधीं करवूं नयेत. जमीन प्रादेशिक योजनेच्या कोणत्या विभागांत येते व महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनें तेथें वखारीस मुभा आहे काय, हें प्रथम विचारावें. खरी अडचण बहुधा वाटेची. बैलगाडीच्या वाटेवर मालमोटार वळत नाहीं! तेव्हां अरुंदांत अरुंद जागीं वाट मोजून आंकडा न्यावा. माल कोणता, मोटारी किती, पावसाचें पाणी कोठें जाणार, हेंही विचारतील. तोंडी होकार परवानगी नव्हे. लेखी परवानगीवांचून बांधल्यास १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वयें बांधकाम काढण्याची नोटीस येऊं शकते.