नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येकडे क्षणभर पाहा. एकापासून नवापर्यंत चढण, नवापासून एकापर्यंत उतरण. डावीकडून वाचा कीं उजवीकडून, ती तीच. 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणें हिचा पहिला अंक 'मध्य' स्थानीं येतो. त्याच्या पुढचें स्थान 'परार्ध'.

१११११११११ या संख्येला तिनेंच गुणिलें असतां ही संख्या मिळते. गुणाकार मांडून पाहिल्यास कारण उघड होतें. प्रत्येक ओळींत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. उजवीकडील पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, मधल्यांत नऊ, आणि पुढें पुन्हां एकेक कमी. कोठेंही बेरीज दहावर जात नाहीं, म्हणून हातचा येत नाहीं. यास्तव नऊ ओळींतील नऊ नऊ एक उत्तरांत जसेच्या तसे उरतात व अंकांची बेरीज ८१ होते.

या संख्येस ८१ नें भागिलें तर भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग आहे. कारण १२३४५६७९ ची नऊपट म्हणजेच नऊ एक. परंतु हिच्यांतील आठ कोठें गेला? नवाची नऊपट ८१. एक लिहून हातचे आठ राहिले. शेजारचा अंक आठ धरल्यास ७२ व ८ मिळून ८० होतात आणि शून्य येतें. सात धरल्यास ७१ होऊन हवा तो एक येतो. म्हणून आठास तेथें जागाच नाहीं.

अशा संख्यांचा अभ्यास देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं केला व त्यांस 'डेम्लो संख्या' म्हटलें. हें नांव त्यांनीं डोंबिवली रेल्वे स्थानकावरून घेतलें. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'नें त्यांचें नांव पुढें जगभर झालें.

हिंगण्यास वर्गांत हा विषय सांगतांना आम्हीं उत्साहाच्या भरांत म्हटलें, "एक वाढवीत गेलां तरी हा क्रम मोडत नाहीं." मागील बाकावरील एका विद्यार्थ्यानें दहा एकांचा वर्ग करून वही पुढें केली. तींत १२३४५६७९००९८७६५४३२१ असें होतें. आम्ही त्याची चूक शोधूं लागलों. चूक आमची निघाली. मधल्या घरांत दहा जमले, हातचा गेला, त्यानें शेजारच्या नवाचे दहा केले व पुन्हां हातचा गेला. प्रत्येक हातच्यामागें अंकांची बेरीज नवानें घटते. म्हणून ती १०० न होतां ८२ झाली.

नऊ वेळां खरा ठरलेला नियम दहाव्या वेळीं मोडूं शकतो. तो कोठवर टिकेल हें त्याचें कारण जाणणारासच सांगतां येतें. त्या दिवशीं ती गोष्ट आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविली. आतां अकरा एकांचा वर्ग करून त्यांत हातचे किती येतात, हें वाचकांनीं स्वतः पाहावें.