डायनोसॉर तारवात होते का?

(अभ्यासासाठी : उत्पत्ती, अध्याय १ व २)



पुष्कळ वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, डायनोसॉर बायबलमध्ये कुठे येतात?" वर्ग हसला. मी म्हटले, "शाळेतले शाळेत, इथले इथे." त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. आज तो मोठा झाला आहे, रस्त्यात भेटला की आदराने बोलतो, पण मिस्साला येत नाही. माझ्या उत्तरामुळेच असे झाले, असे मी म्हणणार नाही. पण ते उत्तर मला टोचत राहिले. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत भाचीकडे गेलो तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

भाची ओहायो राज्यात कोलंबसला राहते. तिची तिन्ही मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. सकाळी प्रार्थना, मग गणित, भाषा, विज्ञान, बायबल. शिकवणारी आईच. तिकडे याला होमस्कूलिंग म्हणतात. १९९३ पासून ते पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. मुलांना मित्र कुठून मिळणार, हा माझा पहिला प्रश्न होता. (मित्र भरपूर होते, अशी कुटुंबे एकमेकांना धरून असतात.) आपल्याला हे नवल वाटते, पण आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात सांगितले आहे. आपण मात्र ते काम शाळेवर, ट्यूशनवर आणि माझ्यासारख्या रविवारच्या मास्तरावर सोपवून मोकळे होतो.

भाचीचे यजमान इव्हँजेलिकल घराण्यातले. देवभीरू माणूस, जेवणाआधी प्रार्थना कधी चुकत नाही. त्यांनी तीन दिवसांची सहल आखली. गाडीत खाण्याचे डबे, मुलांच्या वह्या, आणि मागच्या सीटवर मी.

पहिला मुक्काम केंटकी राज्यातले क्रिएशन म्युझियम. सिनसिनाटी शहराजवळ ओहायो नदी ओलांडली की पीटर्सबर्ग येथे ते आहे. 'आन्सर्स इन जेनेसिस' या संस्थेने २००७ साली ते उघडले. इमारत देखणी, बाग सुंदर, कर्मचारी अतिशय नम्र. आत एदेन बागेचा देखावा आहे, तसेच लहान डायनोसॉरच्या शेजारी खेळणाऱ्या मुलाचा हलता पुतळा आहे. म्युझियमचे सांगणे असे : निर्मितीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस, पृथ्वीचे वय सुमारे ६,००० वर्षे, डायनोसॉर माणसाबरोबरच राहत होते, आणि दगडांतले बहुतेक जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात तयार झाले.

दुसऱ्या दिवशी विल्यमस्टाऊनला त्याच संस्थेने २०१६ साली उघडलेले नोहाचे तारू पाहिले. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात दिलेल्या मापांवरून बांधलेले, ५१० फूट लांब, लाकडी. त्याच्या खाली उभे राहिल्यावर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. खरे सांगतो, ती मापे मी शंभरदा वाचली असतील, पण तारू केवढे असेल याची कल्पना मला त्या दिवशी आली. आत पिंजऱ्यांत डायनोसॉरची पिल्लेही होती.

रात्री मोटेलमध्ये भाचीच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "आजोबा, तुमच्या चर्चमध्येही हेच शिकवतात का?" तिचे बाबा समोर बसलेले. भाची माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "उद्या सांगतो." वेळ मागून घेतला, दुसरे काय!

परतीच्या वाटेवर शेरॉनव्हिल गावात एक टेकडी आहे. तिथे कोणीही जीवाश्म वेचून घरी नेऊ शकतो. हत्यार लागत नाही, वाकले की पुरे. मुलीने बोटाएवढा दगड उचलला. त्यात शिंपल्यांचे ठसेच ठसे. हे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचे अवशेष आहेत, असे भूगर्भशास्त्र सांगते. तो दगड हातात घेऊन मी तिला एका बिशपांची गोष्ट सांगितली.

नील्स स्टेन्सन हे डेन्मार्कचे वैद्य. १६६६ साली इटलीत फ्लॉरेन्सला त्यांच्याकडे एका प्रचंड शार्कचे डोके तपासायला आले. त्याचे दात त्यांना डोंगरात सापडणाऱ्या, लोक ज्यांना 'जिभेचे दगड' म्हणत त्यांच्यासारखे दिसले. मग समुद्रातला दात डोंगरात कसा गेला? १६६९ साली त्यांनी पुस्तक लिहिले : गाळ थरांवर थर साचत जातो, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूगर्भशास्त्राचा पाया तिथे घातला गेला. दरम्यान १६६७ साली ते कॅथलिक झाले होते. १६७५ साली धर्मगुरू झाले आणि १६७७ साली बिशप. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना 'धन्य' घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी. स्वतः स्टेन्सनही पृथ्वीला फार जुनी मानत नव्हते. पण दगड जे दाखवतो ते पाहायला ते घाबरले नाहीत.

"मग बायबल खोटे का?" ती म्हणाली. मी तिला पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला सांगितले. पहिल्यात प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी, मग झाडे, मग प्राणी, शेवटी स्त्री. पहिल्यात प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी! ज्यांनी हे दोन्ही अध्याय एकत्र ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल का? म्हणजे वेळापत्रक देणे हा त्यांचा हेतू नव्हता. सर्व काही देवाने निर्मिले, ते चांगले आहे, आणि माणूस त्याच्या प्रतिरूपाचा आहे, हे त्यांना सांगायचे होते. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच लिहिले की ते दिवस आपल्या दिवसांसारखे असलेच पाहिजेत असे नाही. ख्रिस्ती माणसाने निसर्गाविषयी चुकीचे ठासून सांगितले तर लोक शास्त्रलेखालाच हसतील, अशी ताकीदही त्यांनी दिली. १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र देवच थेट निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेवून. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसता अंदाज राहिलेली नाही, हे मान्य केले.

गाडी चालवणारे तिचे बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मामा, मला हे पटलेले नाही. पण दगड तिने ठेवावा, आणि ते दोन अध्याय आम्ही घरी पुन्हा वाचू." आता तो दगड त्यांच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर, क्रुसाच्या खाली आहे.

गावी परतल्यावर मी त्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो आणि माझे उत्तर चुकले होते, असे त्याला सांगितले. तो हसला. "सर, मला तर प्रश्नही आठवत नाही," म्हणाला. चहा झाल्यावर त्याने मला फाटकापर्यंत सोडले आणि तिथे उभा राहून विचारले, "पण मग होते का हो तारवात?" आम्ही अर्धा तास तिथेच बोलत होतो.

या आठवड्यात रोझरीनंतर उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय घरी मोठ्याने वाचावेत. कोणत्या दिवशी काय निर्माण झाले ते मुलांना वहीत दोन रकाने करून लिहायला सांगावे. त्यांचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून धर्मशिक्षण वर्गाच्या पेटीत टाकावेत, मोठ्यांचेही चालतील.