समुद्रात बुडालेले डोंगर आणि आपल्या बोड्या



बालाघाटहून समुद्र लांब. आपल्या वैनगंगेचं पाणी प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातं. आजचा पाठ मात्र अरबी समुद्रातला आहे, आणि तो आपल्या तलावांनाही लागू पडतो.

समुद्राच्या तळावर डोंगर असतात. तळापासून हजार मीटरहून उंच, तरी माथा पाण्याखालीच. त्यांना समुद्रपर्वत म्हणतात. महाराष्ट्राजवळचं तसंच ठिकाण म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून सुमारे 100 किलोमीटर आत, सुमारे 40 किलोमीटर लांबीचं हे बुडालेलं पठार आहे. नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलं. माथ्यावर पाणी 20 मीटरच्या आसपास, कडेला शेकडो मीटर खोल. माथ्यापर्यंत ऊन पोचतं, म्हणून तिथे प्रवाळ वाढतं.

अशा जागी मासा का जमतो? प्रवाह उतारावर आदळतो आणि तळाकडची पोषक द्रव्यं वर येतात. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर बारीक मासा, आणि त्याच्या मागे मोठा मासा येतो.

मग चारी बाजूंनी खोल पाणी असताना जीव तिथे पोचतात कसे?

▪ वाहत: प्रवाळाच्या अळ्या काही दिवस ते काही आठवडे तरंगतात, शेवंडीच्या तर कित्येक महिने. कठीण खडक मिळाला तर प्रवाळाची अळी चिकटते, नाही तर मरते. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला, हिवाळ्यात उत्तरेला वळतो. म्हणून अंडी कधी सुटली, यावर पिल्लं कुठे जाणार ते ठरतं.

▪ पोहत: ट्यूनासारखे मासे स्वतःच ये-जा करतात.

▪ ज्यांची पिल्लं लांब वाहत नाहीत, ते जीव तिथेच राहतात. ते संपले, तर बाहेरून भर लवकर पडत नाही.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रपर्वतांवरचा ऑरेंज रफी हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो, पण वयात यायलाच वीस-तीस वर्षं घेतो. 1980 च्या दशकात ट्रॉलरनी तो भरमसाट काढला. काही ठिकाणी साठा इतका घटला की मासेमारी बंद करावी लागली.

आता आपल्या बोडीकडे बघा. तीही शेतांच्या मधोमध एकटीच. मरळ, मागूर पुराच्या पाण्यातून येतात आणि तिथेच वाढतात. रोहू, कतला साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून आपण बोटुकली सोडतो. समुद्रात जे काम प्रवाह करतो, ते इथे आपल्याला करावं लागतं.

म्हणूनच मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दिवसांत अंड्यावरची एक मादी धरली, तर पुढच्या वर्षीची कितीतरी जाळी रिकामी जातात. नदीत बीज उरलं, तरच धंदा उरेल.

तुमच्या तलावात कोणता मासा आपसूक येतो आणि कोणता सोडावा लागतो? खाली जरूर लिहा.